मामाची चौखांबी

बोरी, ता. जिंतूर
६ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मुंजाजीमामांना राजनंदिनीचा वाकून नमस्कार.

मामींच्या फोनवर लिहिलं की आधी तुमची अख्खी गल्ली वाचते आणि उरलंसुरलं तुमच्यापर्यंत येतं, म्हणून हे पत्र. फोन करावा तर लोखंड घासणाऱ्या ग्राइंडरने तुमचे कान नेलेत. समोर येऊन बोलावं तर ओरडावं लागतं, आणि काही गोष्टी ओरडून बोलण्यासारख्या नसतात. तसं विशेष काही नाही. लगेच काळजी करत बसू नका.

पोळा छान झाला. बैलांची शिंगं रंगवून रंग उरला, तो बाबांनी तुमच्या चौखांबीला लावला. चारी खांब लालभडक, वरून बेगड. तीन वर्षांपूर्वी माझ्या मोबाइलमधला फोटो बघून तुम्ही वजनं उचलायची ही लोखंडी रॅक बनवलीत, पण या घरात तिला कामाला कोण लावत नाही? आई तिच्यावर मिरच्या वाळवते, बाबा बैलाची झूल टाकतात, म्हशीचा कासराही तिलाच. मधल्या वेळात मी वजनं उचलून घेते. डिसेंबरात नांदेडला स्पर्धा आहे. शाळेत पोरांना खो-खो शिकवून आले की रोज सराव चालतो.

एक विचारायचं होतं. माझी एक मैत्रीण आहे, ऋतिका, पिंगळीची. तिलाही गावातल्याच एकाने अशी चार खांबांची रॅक प्रेमाने करून दिली आहे. पण तिच्या खांबांची भोकं जरा लांब लांब पडली आहेत. वजनांचा बार ठेवायची खुंटी खालच्या भोकात घातली तर बार बेंबीशी येतो, वरच्या भोकात घातली तर ओठांशी. खांद्याशी काही येत नाही. कारखान्याच्या रॅकला कशी जवळजवळ भोकं असतात. तिने नवी घ्यावी की आहे तीच चालवावी? करून देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून बिचारी घुटमळते आहे. तुम्ही याच कामातले, म्हणून विचारलं.

मामींना नमस्कार.

तुमची
राजनंदिनी

---

झरी
गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. राजनंदिनीस मामाचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी एकटाच हसलो. मामी म्हणाली, "वेड लागलं का काय?" अगं, कोण तो कारागीर? अंदाजपंचे भोकं पाडतो आणि पोरीच्या गळ्यात बांधतो! तुझ्या मैत्रिणीला सांग, असली रॅक भंगारात घाल. वाईट वाटलं तर वाटू दे त्याला. ज्याला माप कळत नाही त्यानं लोखंडाला हात लावू नये.

तुझ्या चौखांबीचं बघ. तिची भोकं मी पेरणीच्या तिफणीच्या मापपट्टीवर पाडली आहेत. आमच्या आबांच्या हातची पट्टी आहे ती. ह्याच पट्टीवर भोकं पाडून मी जन्मभर तिफणी केल्या. झरीच्या शिवारात जाऊन सोयाबीनच्या ओळी बघ, दोन ओळींतलं अंतर एका सुतानं चुकलेलं दिसणार नाही. तेच अंतर तुझ्या खांबांवर आहे.

ऋतिकेला म्हणावं, कारखान्याची कशाला घेतेस, मुंजाजीमामा राजनंदिनीसारखीच करून देतो, त्याच पट्टीवर. तसंही हातात काम नाही. तिफण, वखर आता कोण करून घेतंय? जो तो ट्रॅक्टर सांगतो. मागच्या महिन्यात मी दोन विळ्यांना धार लावली आणि एका फाटकाची कडी बसवली. बाकी दिवस दुकानात बसून येणारी-जाणारी एसटी बघतो.

खांडेनवमीला अवजारांबरोबर चौखांबीची पूजा कर. फोटो काढून पाठव, दुकानात लावतो.

तुझा मामा
मुंजाजी

---

बोरी
१२ ऑक्टोबर, दसरा

तीर्थरूप मामा, सोनं घ्या आणि सोन्यासारखे राहा.

उत्तराला उशीर झाला. ऋतिकाला तुमचा निरोप सांगणार होते, पण तिचं अचानक लग्न ठरलं. सासरी रॅक ठेवायला जागा नाही म्हणतात. त्यामुळे तिचा प्रश्न मिटला.

खांडेनवमीचा फोटो सोबत आहे. परभणीहून छापून आणला. विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप आणि मध्ये चौखांबी. हळदकुंकू आईने लावलं, झेंडूची माळ माझी.

फोटो छापायला गेले तेव्हा बाजूच्या दुकानात एक कारखान्याची रॅक उभी होती. सहज बघितली. सहज हात लावला. भोकं मोजली नाहीत, उगाच नजर गेली एवढंच. माझं वजन आता बरंच वाढलं आहे, म्हणजे उचलायचं वजन. तुमच्या चौखांबीला या वयात फार त्रास देऊ नये असं मनात येतं. ती आईच्या मिरच्यांसाठी ठेवून मी दुसरी बघावी का? नुसता विचार आहे हो. तुम्हाला काय वाटतं?

तुमची
राजनंदिनी

---

झरी
कोजागिरी होऊन तीन दिवस

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

चौखांबीची काळजी करू नकोस. ऊस वाहायच्या ट्रॉलीचं चॅनल आहे ते. ज्यानं उसाचा ढीग पेलला त्याला तुझं वजन म्हणजे किस झाड की पत्ती? दुसरी बघायचं नाव काढू नकोस. फारच वाटलं तर खाली आणखी एक आधाराची पट्टी जोडून देतो.

पण फोटो! फोटो हातात घेतला आणि माझी नजर खाली गेली. चौखांबीच्या मधोमध तू पाट मांडला आहेस. तुझ्या आईच्या लग्नातला मोठा पाट, मी ओळखला. अगं, पाट देवाला मांडतात, जावयाला मांडतात. माझ्या भाचीनं माझ्या लोखंडाला पाट दिला! डोळ्यांत पाणी आलं. मामी म्हणाली, "ठिणगी गेली आसंल." मी हो म्हटलं.

फोटो दुकानात दर्शनी लावला आहे. त्याची करामत ऐक. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी आमच्या रस्त्यानं पळतात. त्यातला सिद्धोधन थांबला. म्हणाला, "मामा, हे तुमी केलं का? आमाला बी करून द्या की." त्याच्यामागून हरिओम आला, मग आणखी दोघं. दिवाळीच्या आत चार चौखांब्या! रोज आपापल्या रानात, आखाड्यावर उचलणार म्हणतात. आणि मी ठरवलंय, प्रत्येकीबरोबर तुझ्यासारखा एक पाट आपल्याकडून. सुताराला कडुलिंबाचं लाकूड दिलं सुद्धा.

आता शटर सकाळीच उघडतं. मामीला विचार, घरात मी जेवताना गाणं म्हणायलोय. खांब कापून झाले, परवापासून भोकं पाडतो. पट्टी तीच, आबांची.

तुझा
मुंजाजीमामा

---

बोरी
२१ ऑक्टोबर

मामा, भोकं पाडू नका. पाडली असतील तर तो खांब कुणाच्या हाती देऊ नका. हे पत्र टपालात न टाकता झरीवरून जाणाऱ्या परभणीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. एवढं वाचून आधी ड्रिल बंद करा, मग पुढचं वाचा.

ऋतिका नावाची माझी कुणी मैत्रीण नाही. पिंगळीला मी गाडीच्या खिडकीतूनच काय ती पाहिली आहे. ती बेंबी माझी आणि ते ओठही माझेच.

सोयाबीनच्या दोन ओळींत जेवढी जागा लागते तेवढीच तुमच्या दोन भोकांत आहे. सोयाबीनला ती बरोबर आहे. मला नाही. माझा खांदा बरोबर दोन भोकांच्या मध्ये येतो, आणि तिथे काहीच नाही.

पाट पूजेचा नव्हता. खांडेनवमीला मी तो उचलायला विसरले. तीन वर्षं मी त्या पाटावर उभी राहून वरच्या खुंटीवरचा बार खांद्यावर घेते, मागे सरकत जमिनीवर उतरते, बैठका मारते, आणि बार परत ठेवायला ते सगळं वजन घेऊन पुन्हा पाटावर चढते. चढताना पाट दिसत नाही, पायानेच चाचपावा लागतो. श्रावणात एकदा पाय पाटाच्या कडेवर पडला आणि पाट कलंडला. बार सोडून मी पुढे निसटले म्हणून वाचले. पडता बार अडवायला आडव्या कांबी आहेत, पण त्याही त्याच भोकांत, इतक्या खाली की वजनं आधी फरशीला टेकतात. बार फरशीत रुतला. आवाज ऐकून आई धावत आली ती "म्हशीला काई लागलं का?" असं विचारतच.

मग तिला कळलं तेव्हा मात्र ती माझी मान हातांनी चाचपत राहिली. म्हणाली, "मामाला सांग." मी म्हणाले, "तूच सांग, तुझा भाऊ हाय." तर म्हणाली, "मला काय उचलायचं न्हाई. ज्याला उचलायचंय त्यानं सांगावं."

मला तुमची भीती कधीच वाटली नाही मामा. तुमचा उतरलेला चेहरा बघायची भीती वाटली. चौखांबी टेम्पोतून उतरवताना तुम्ही गावाला ऐकू जाईल असं म्हणाला होतात, "परभणी जिल्ह्यात अशी दुसरी न्हाई!" ते खरंच होतं. तेव्हा मी पहिल्यांदा बार लावला, भोक चुकलं हे लगेच कळलं, आणि मी हसून पाट आणला.

माझी मान धोक्यात होती तोवर तो माझा मूर्खपणा होता. पण सिद्धोधन रानातल्या आखाड्यावर एकटा असेल. त्याचा पाय कडेवर पडला तर हाकेला म्हैससुद्धा नसेल. तो पाट तुम्ही माझा फोटो बघून देताय. मला ते सोसणार नाही.

आणि मी परभणीची रॅक घ्यायचं ठरवलं आहे. "तुम्ही नाही म्हणालात तर घेणार नाही" असं लिहिणार होते, पण आता खोटं पुरे झालं. मी घेणार आहे.

रागवा, पण उत्तर द्या.

राजनंदिनी

---

झरी
२५ ऑक्टोबर

चि. नंदीला मामीचा आशीर्वाद.

मी सातवी शिकल्याली हाय, चुका काढत बसू नको. तुझ्या मामाला न सांगता लिहायले. काय लिहिलं होतंस गं तू?

कंडक्टरनं पत्र दिलं, ह्यांनी वाचलं, आन् चष्मा काढून खिशात ठिवला तो खिशातच. दुकान बंद. मी इचारलं काय झालं, तर म्हणले, "काई न्हाई, हातात कुसळ गेलंय." जेवायला पाट मांडला तर त्या पाटाकडं असं बघितलं की त्यानं ह्यांचं काईतरी चोरलंय. उभ्यानं भाकर खाल्ली. सुतार चार नवे पाट घिऊन आला, त्याला म्हणले, "भिताडाकडं तोंड करून ठिव." पाटाला तोंड कुठं असतंय, मला सांग.

पोरं रोज पळताना हाक मारतेत, "मामा, झालं का?" हे आतून कडी लावून बसतेत.

काल दुपारी दुकानातून मला हाक आली. जाऊन बघते तर नव्या खांबांच्या सांगाड्यात उभे, खांद्यावर नुसता पोकळ पाइप, एक पाय पाटावर आन् एक खाली. फुडं बी जाता यीना, मागं बी. "सारजे, धर," म्हणले. धरला. मंग त्याच पाटावर बसले. म्हणले, "तीन वर्षं पोरगी हे करायली, भरल्या वजनानं. आन् एकदा बी बोलली न्हाई." तवा कुठं तुझं पत्र माझ्या हातात दिलं, आन् मला सगळं कळलं.

मी म्हणलं, "ती बोलली आसंल, तुमालाच ऐकू आलं नसंल." तर म्हणले, "न्हाई सारजे. कागदावर तर ऐकू येतं मला."

रागात हायत का म्हणशील, तर न्हाई. राग आला की ते भांडे आपटतेत. ह्या येळी भांडे गुमान हायत, म्हणून मला घोर लागलाय. तू येऊ नको आत्ताच. पर पत्र टाकलंस ते बरं केलंस. सिद्धोधनची माय माझी मैतरीण हाय, खरी.

सारजामामी

---

झरी
वसुबारस

चि. राजनंदिनीस,

वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर तुझी ती ऋतिका मला हसेल. भोकं चुकली त्याचं वाटलं, पण तू पाट आणलास आणि हसलीस, त्याचं जास्त वाटलं. आणि "ज्याला माप कळत नाही त्यानं लोखंडाला हात लावू नये" असं मी माझ्याच हातानं लिहिलं होतं. ते पत्र जपून ठेव. मी फार बोलायला लागलो की दाखव.

मी पण काही धुतल्या तांदळासारखा नाही. मागल्या भाऊबीजेला तुझ्या आईनं त्याच पाटावर बसवून मला ओवाळलं. घरी आलो तर धोतराला मागून तुझी वजन उचलताना हाताला लावायची पांढरी पावडर, चांगला बुटाचा ठसा. मामी म्हणाली, "कुणी लाथ मारली वो?" मी म्हटलं, रांगोळी असेल. आता तूच सांग, रांगोळीला टाच असते का? मला तेव्हाच विचारता आलं असतं. पण कानाचं यंत्र मी डबीत ठेवतो. ते घातलं की ग्राइंडर कानात शिरतो असं सगळ्यांना सांगतो. खरं सांगू का, ऐकायचं नसलं की बहिरं असणं लय सोयीचं असतं.

पट्टीचं म्हणशील तर आबांची पट्टी खोटी नाही. ती रानाची आहे, मी ती माणसाला लावली. तुझ्या मोबाइलमधल्या फोटोत खांब दिसले, भोकं काही दिसली नाहीत. तेव्हा तुला विचारावं हे सुचलं नाही. पट्टी भिंतीवर होती, हात आपोआप तिकडं गेला.

चारी पोरांना काल बोलावलं आणि सांगितलं की माझं चुकलं, ह्या मापाच्या चौखांबीत उचलू नका. सिद्धोधन म्हणाला, "चालतंय की मामा, पाट हाय ना!" त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पोरगं भरतीपेक्षा जोरात पळालं. चार पाट दिवाळीच्या जेवणाला काढले आहेत.

आता कारखान्याच्या रॅकचं. घे. भाचीच्या मानेवर मामाचा मान ठेवायला जागा नाही. फक्त ती आली की मला बघू दे. भोकांचं अंतर उतरवून घेतो आणि नवी पट्टी करतो. नक्कल करतो म्हणून हसायचं तर हास. पहिली चौखांबी झाली की आधी तू त्यात उभी राहायचं, मग पोरं. जिथं चुकेल तिथं त्याच वेळी बोलायचं. हसून काही आणायला जायचं नाही.

भाऊबीजेला येतो. पाट धुऊन ठेव.

काही गोष्टी ओरडून बोलण्यासारख्या नसतात, असं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि पुढं गेलो. ओरडू नकोस. यंत्राचे सेल मागवले आहेत. ते घालून येतो आणि तुझ्यासमोर बसतो. हळू बोललीस तरी ऐकीन.

तुझा
मामा

---

बोरी
३० ऑक्टोबर

मामा,

पाट दोनदा घासला, टाच गेली.

परभणीच्या दुकानात सांगून आले. रॅक भाऊबीजेच्या दिवशीच येईल, म्हणजे खोलताना तुम्ही असाल. तुमची चौखांबी कुठेच जाणार नाही. आई म्हणते, मिरच्यांना ती अंतरं पहिल्यापासून बरोबरच होती.

तुमचं पत्र वाचून मी रडले, मग धोतराचं आठवून हसले, मग पुन्हा रडले. आई म्हणाली, "ठिणगी गेली आसंल."

सेलचा एक जोड जास्तीचा आणा. तीन वर्षांचं बोलायचं आहे.

तुमची
राजनंदिनी